मुरमाचं मैदान

नागपूरच्या सदर भागात सेंट फ्रान्सिस डी सेल्स नावाची एक जुनी शाळा आहे. मी त्या शाळेत शिकलो नाही. आमच्या घरातलं कोणीच शिकलं नाही. मी बडनेऱ्यापासून कोसभरावर, कोंडेश्वराच्या बाजूला, पऱ्हाटी आणि तूर पेरणारा माणूस. माझं शिक्षण दहावीला संपलं. पण त्या शाळेपायी आमच्या वावरातला एक एकर तुकडा गेली पन्नास वर्षं पडीत आहे, म्हणून तिच्याबद्दल लिहायचा मला थोडा हक्क आहे असं मी समजतो.

शाळा १८७० सालची. म्हणजे मुंबईहून आगगाडी नागपूरला पोचली १८६७ साली, आणि तीन वर्षांत पाद्र्यांनी ही शाळा काढली. हे पादरी इंग्रज नव्हते. आज फ्रान्समध्ये असलेल्या आनसी नावाच्या गावात पीटर मेर्मिए या फादरनं १८३८ साली त्यांचा संघ स्थापन केला. १८४५ साली त्यांची पहिली माणसं भारताकडे निघाली आणि विशाखापट्टणमवरून पुढं नागपूर-कामठीकडे आली. कामठीला इंग्रजांची छावणी होती, छावणीत आयरिश कॅथलिक सोल्जर होते, त्यांच्यासाठी पादरी लागायचाच. ज्या संताचं नाव शाळेला आहे, ते फ्रान्सिस डी सेल्स म्हणजे लिहिणाऱ्यांचे आणि पत्रकारांचे पालक संत मानले जातात. हे मला फार उशिरा कळलं. कळल्यावर बरं वाटलं, कारण सात एकराच्या कास्तकारानं लेख लिहावेत याला आमच्या गावात अजून कोणी पालक मिळालेला नाही.

ही शाळा आमच्यापर्यंत आली ती रेल्वेनं. बडनेरा जंक्शन आहे. अमरावतीला जाणारा फाटा इथूनच फुटतो. रेल्वे क्वार्टरमध्ये तेव्हा देशभरची माणसं राहायची, तमिळ, तेलुगू, बंगाली, गोव्याकडची. त्यांच्यात एक ख्रिश्चन गार्डसाहेब होते. त्यांचा मुलगा नागपूरला मामाकडे राहून या शाळेत शिकायचा, आणि सुट्टी लागली की रेल्वेच्या पासावर बडनेऱ्याला यायचा. गार्डसाहेबांकडे दूध आमच्या घरचं जायचं. दुधाची बरणी घेऊन मी जायचो, तशी आमची ओळख झाली. त्याची मराठी आमच्याहून वऱ्हाडी होती.

त्यानं मला पहिल्यांदा विचारलं ते हेच. "तुह्या शाळेत मैदान हाय का बे?"

"हाय ना. वावर हाय."

तो हसला नाही. त्याला ते खरंच कळलं नाही. त्याच्या शाळेत खेळ हा तासच होता. पावसाळ्यात फुटबॉल, पुढं हॉकी, थंडीत क्रिकेट, आणि वर्षातून एकदा सगळ्या शाळेच्या धावण्याच्या शर्यती. वर्गातली पोरं चार रंगांच्या गटांत वाटलेली, आणि गुण गटाला मिळायचे, एकट्याला नाही. त्यामुळं शेवटचा येणारा पोट्टाही पळत राहायचा, कारण त्यानं शर्यत पुरी केली तरच गटाच्या खात्यात काही पडणार. "खेळाचा तास बुडवला तं गणिताचा बुडवल्यासारखाच मार भेटते," तो सांगायचा. आमच्या शाळेत खेळात सापडलो तर मार भेटायचा. तेवढा फरक.

१९७५ च्या मार्चमध्ये क्वालालंपूरला आपण पाकिस्तानला २-१ नं हरवून हॉकीचा विश्वचषक जिंकला. अशोककुमारचा गोल मी मिलमधल्या एका कामगाराच्या रेडिओवर ऐकला. ऐकला म्हणजे आरडाओरडा ऐकला, गोल कसा होतो ते मला माहीतच नव्हतं. त्या उन्हाळ्यात गार्डाचा पोट्टा आला तो दोन जुन्या हॉकी स्टिका घेऊन. बाकीच्यांनी बाभळीची वाकडी लाकडं तासून घेतली. त्यानं सांगितलं, स्टिकीची एकच बाजू सपाट असते, उलट्या बाजूनं मारलं तर फाऊल. बाभळीला सपाट बाजू कुठून आणणार! आम्ही विळ्यानं खरडून केली.

पण खेळता येईना. उन्हाळ्यातलं आमचं काळं वावर ज्यानं पाहिलं त्याला कारण सांगायला नको. एवढ्या भेगा पडतात की वासराचा पाय अडकावा. चेंडू दहा हात गेला की भेगेत गडप. मग सगळे पालथे पडून हात घालणार, विंचवाची भीती वेगळीच. अर्धा खेळ चेंडू काढण्यात जायचा.

आमचे बाबा धुऱ्यावरून हे पाहायचे. बोलके नव्हते. शाळेला लागून आमचा एक एकर तुकडा होता, पाणी साचणारा, कधी धड न पिकणारा. बाबांनी दोन दिवस बंडी जुंपली आणि टेकडीवरून मुरूम आणून त्या तुकड्यावर टाकला. एकवीस खेपा झाल्या, मी मोजल्या कारण मुरूम भरायला मीच होतो. वर पाणी मारून दगडी रोळ फिरवला. आईनं विचारलं, "यात आता काय पेरता?" बाबा म्हणाले, "पोट्टे." आयुष्यात त्यांनी केलेला तेवढा एकच विनोद मला आठवतो.

त्याच उन्हाळ्यात त्यानं आम्हाला सी. के. नायडूंचं सांगितलं. आम्हाला वाटलं फेकतो. नंतर मी वाचलं तर खरं निघालं. कोट्टारी कनकैया नायडू, जन्म नागपूरचा, ३१ ऑक्टोबर १८९५. शाळा सेंट फ्रान्सिस डी सेल्स आणि मग हिस्लॉप कॉलेजिएट. म्हणजे कॅथलिक पाद्र्यांनी अन् स्कॉटिश पाद्र्यांनी माणूस वाटून घेतला. सातव्या वर्षीच शाळेच्या संघात घेतलं होतं म्हणतात. १९२६ च्या डिसेंबरात मुंबईला जिमखान्याच्या मैदानावर इंग्लंडहून आलेल्या एमसीसीच्या संघाला त्यांनी दोन तासांच्या आत १५३ धावा झोडल्या, त्यात अकरा षटकार. हा भारत कसोटी खेळण्याच्या लायकीचा आहे, हे गोऱ्यांना पटवण्यात त्या खेळीचा मोठा वाटा. २५ जून १९३२ ला लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळायला उतरला तेव्हा कर्णधार नायडूच होते. हाताला मार लागलेला असताना त्यांनी पहिल्या डावात ४० केल्या, आपल्या बाजूच्या त्या डावातल्या सगळ्यात जास्त. सामना आपण हरलो.

नागपूरची मातीही आमच्यासारखीच काळी. त्या काळी क्रिकेटची खेळपट्टी बहुतेक ठिकाणी काथ्याच्या चटईची असायची. भेगांवर चटई अंथरायची, की चेंडू सरळ येतो. आम्ही मुरूम टाकला, त्यांनी चटई टाकली. उपाय एकच.

नायडूंना १९२३ साली होळकर महाराजांनी इंदूरला बोलावून घेतलं आणि ते तिकडचेच झाले. होळकर संघानं त्यांच्या हाताखाली चारदा रणजी करंडक जिंकला. नागपूरचा माणूस, पण आमच्या विदर्भाला रणजी मिळायला २०१८ सालचा १ जानेवारी उजाडावा लागला. आणि मिळाली कुठं, तर इंदूरच्याच होळकर स्टेडियमवर. फैज फजल कर्णधार, गुरबानीची हॅट्ट्रिक. मी तूर काढणीच्या मजुरांना अर्धा तास सुट्टी दिली त्या दिवशी.

गार्डाच्या पोट्ट्यानं एक गोष्ट मात्र आमच्यात रुजवली, तिचा हिशेब धावांत होत नाही. हरताना मैदान सोडायचं नाही. आम्ही गावातले पोट्टे चार गोल झाले की "आमचे बैल सुटले" म्हणून घरी पळायचो. तो पुढं उभा राहायचा. म्हणायचा, आमच्याकडे असं केलं तर पुढच्या महिन्यात स्टिक मिळत नाही.

मुंबईची सेंट झेवियर्स हायस्कूलही अशीच पाद्र्यांची, १८६९ सालची. सुनील गावस्कर तिथलेच. पण त्या शाळेचं मला आठवतं ते दुसरंच. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शिल्डचा उपांत्य सामना. शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीनं नाबाद ६६४ ची भागी केली. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. शारदाश्रमनं ७४८ वर दोन गडी असताना डाव सोडला. हे सगळ्यांना पाठ आहे. समोर कोण होतं ते कोणी विचारत नाही. समोर झेवियर्सची पोरं होती. पंधरा-सोळा वर्षांची, डोक्यावर ऊन, आणि विकेट पडत नाही. त्यांच्यातला एक लेगस्पिनर साईराज बहुतुले. त्यानं २७ षटकांत १८२ धावा दिल्या. दुसऱ्या कोणी चेंडूला पुन्हा हात लावला नसता. तो पुढं भारताकडून कसोटी खेळला. झेवियर्स १४५ वर बाद झाली, सहा गडी परत कांबळीनंच काढले. मला विचाराल तर शाळेच्या खेळाची परंपरा म्हणजे कपाटातले कप नव्हेत, त्या दोन दिवसांत सीमारेषेवर पळणारी ही अकरा पोरं होत. कापूस लावून तीन वर्षं नापिकी खाल्लेल्या माणसाला हे लवकर कळतं.

आता कोणी म्हणेल, पाद्र्यांचं एवढं कौतुक, आणि आपल्या अमरावतीचं काय? तर अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली आखाडा काढला, त्याचंच पुढं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांच्या पथकानं हुतूतूची प्रात्यक्षिकं तिथं जाऊन दाखवली. म्हणजे खेळ आमच्या रक्तात नव्हता असं कोणी म्हणू नये. हुतूतू, आट्यापाट्या, कुस्ती आम्हाला कोणी शिकवली नाही. फरक एवढाच की आखाड्यात जायचा तो आवडीचा पोट्टा जायचा. पाद्र्याच्या शाळेत नावडीचाही, ढेरपोट्याही, चष्मेवालाही मैदानात जायचा. तिथं सुटका नव्हती. त्या सक्तीचं मला आजही अप्रूप आहे.

गार्डसाहेबांची बदली झाली. त्यांचा मुलगा रेल्वेतच लागला, रेल्वेच्या संघात गोलकीपर म्हणून खेळला, आता निवृत्त होऊन जबलपूरला असतो. जाताना एक स्टिक मला देऊन गेला. ती तुरीच्या कणगीमागं आहे.

मैदान मात्र राहिलं. हॉकी चार-पाच वर्षांत सुटली, क्रिकेट आलं. स्टंप पऱ्हाटीचे, बॅट कोणाच्या तरी मामानं दिलेली. गावच्या शाळेचे खेळाचे कार्यक्रम तिथंच होतात, पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन तिथंच. पण सातबारा बाबांच्या नावावर, बाबांनंतर आम्हा दोघा भावांच्या आणि बहिणीच्या. शाळेचं नाव कुठंच नाही. बाबांनी तोंडी दिलं, आणि तोंडी दिलेलं पन्नास वर्षं चाललं, कारण त्या तुकड्याला कोणी विचारत नव्हतं.

आता विचारतात. १६ एप्रिल २०२५ ला बेलोऱ्याच्या विमानतळावरून प्रवासी विमान उडालं आणि बडनेऱ्याच्या आसपास जो तो मातीचा भाव विचारायला लागला. रस्त्याला लागून सपाट, मुरूम टाकलेला एकर. ले-आऊटवाल्याला आणखी काय पाहिजे? दोघेजण घरी येऊन चहा पिऊन गेले. लहान भाऊ अकोल्याला असतो, त्याच्या डोक्यावर पोराच्या शिक्षणाचं कर्ज आहे. त्याला लोभी म्हणायची माझी तयारी नाही. तो म्हणतो, "दादा, शाळेत आता पोट्टे राह्यलेच किती?" खरं आहे. पटावर पन्नासच्या आत आहेत. बाकीचे पिवळ्या बसनं इंग्रजी शाळेत जातात. ती शाळा दुमजली आहे, संगणक आहेत, आणि खेळायला गच्ची. संध्याकाळी बसमधून उतरले की तेही आमच्याच मुरमावर येतात, गळ्यात टाय तशीच ठेवून.

जबलपूरला फोनवर हे सांगितलं तर तो एवढंच म्हणाला, "कागदावर हाय का बे मैदान? नाही ना? मंग कायचं मैदान!"

म्हणून मी बक्षीसपत्र करायचं ठरवलं. भूमी अभिलेखात पोटहिस्स्याच्या मोजणीचे पैसे भरले आहेत. भावाला मी म्हटलं, तुझ्या हिश्शाच्या बदल्यात विहिरीजवळचा तुकडा घे, तो ओलिताचा आहे. तो विचार करून राहिला आहे.

बहिणीकडे दर्यापूरला मी स्वतः गेलो. वाटलं होतं ती लगेच हो म्हणेल, कारण तिनं आजवर काही मागितलं नाही. तिनं चहा ठेवला आणि म्हणाली, "मले कोणी त्या मैदानावर पाय ठेवू देला होता का रे दादा? तुम्ही खेळा, अन् मी धुऱ्यावर बसून तुमचे सदरे राखो."

मी गप्प बसलो. पाद्र्याची ती शाळाही तेव्हा पोट्ट्यांचीच होती. पोरींसाठी सदरमध्ये सेंट जोसेफ कॉन्व्हेंट होतं, पण आमच्या गावात पोरींसाठी धुराच होता.

"सही देतो मी," ती म्हणाली. "पण कागदात लिहून घे का पोरी बी खेळतीन. रोज. नुसतं पंधरा ऑगस्टले नाही."

परवा बडनेऱ्याच्या अर्जनविसाला हे कलम सांगितलं. तो चष्मा वर करून म्हणाला, काकाजी, बक्षीसपत्रात असं कोणी टाकत नाही. मी म्हटलं, तुम्ही टाका जी. त्यानं 'मुले' लिहिलं होतं, त्यापुढं मी पेनानं 'व मुली' घालून घेतलं. भाऊ रविवारी येणार आहे.