राजवाडा कशावर उभा राहतो? सावंतवाडीची कथा

१/ इंग्लंडच्या ग्रामीण भागातील उमरावांच्या हवेल्या चित्रपटांमुळे आणि मालिकांमुळे सर्वांच्या परिचयाच्या झाल्या आहेत. विस्तीर्ण हिरवळ, समोर तळे, आत झुंबरे. त्यांचा कोकणातला भाऊबंद शोधायचा तर मालवणच्या आग्नेयेस, सावंतवाडीच्या मोती तलावाकाठी जावे लागते. हा थ्रेड तेथील राजवाड्याविषयी.

२/ राजवाड्याची उभारणी तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीतील (१७५५ ते १८०३). त्यांचा विवाह ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यात झाला आणि पुढे दिल्लीच्या बादशहाकडून 'राजेबहादूर' हा किताब मिळाला. हा मान कोल्हापूरकरांना सलला आणि दोन्ही घराण्यांत दीर्घ संघर्ष पेटला.

३/ या संघर्षाचा लाभ गोव्यातील पोर्तुगीजांनी उठवला. डिचोली, सत्तरी आणि १७८८ मध्ये पेडणे हे महाल सावंतांच्या हातून गेले. म्हणजे ज्या कारकिर्दीत राजवाडा उभा राहिला, त्याच कारकिर्दीत त्याला पोसणारा मुलूख आक्रसत गेला. हा विरोधाभास लक्षात ठेवावा. पुढची सारी कथा त्याच्याभोवती फिरते.

४/ बांधकाम जांभ्याचे. हा दगड खाणीतून काढताना इतका मऊ असतो की त्याचे सरळ चिरे पाडता येतात. वारा लागला की तो कठीण होत जातो. १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकॅनन यांनी मलबारात पाहिलेल्या या दगडाला लॅटिन भाषेतील विटेच्या शब्दावरून 'लॅटराइट' हे नाव दिले. कोकणी माणूस मात्र कित्येक पिढ्या त्याच चिऱ्यांनी घर, विहीर आणि गडगा बांधत आला होता.

५/ म्हणूनच या राजवाड्याचा तांबडा रंग गावापासून वेगळा पडत नाही. रयतेच्या घराला आणि राजाच्या घराला दगड एकच, फरक आकाराचा. कमानींच्या ओळी, रुंद व्हरांडे आणि मधोमध उंच छताचा दरबार हॉल. सभेत कोण कोठे बसतो यावरून राज्यातील प्रत्येकाची पायरी ठरत असे. त्या अर्थाने दरबार हे कारभाराचेच एक साधन होते.

६/ इंग्लंडमध्ये याच सुमारास, १७६० च्या दशकात, लॅन्सलॉट 'केपेबिलिटी' ब्राउन यांनी ब्लेनहाइम येथे नदी अडवून तलाव निर्माण केला. तो उमरावाच्या खिडकीतून दिसण्यासाठी होता. सावंतवाडीचा मोती तलाव १८७४ चा. तोही राजवाड्यासमोरच आहे. परंतु त्याच्या काठाने भर गावचा रस्ता जातो.

७/ दरम्यान सत्ता बदलली होती. १८१९ च्या तहाने संस्थान इंग्रजांच्या संरक्षणाखाली गेले, १८३८ मध्ये त्यांनी कारभारच हाती घेतला आणि १८४४ च्या सुमारास येथे मोठे बंड झाले. राजवाड्याच्या प्रवेशद्वाराला आजही 'लेस्टर गेट' म्हणतात. राजाच्या दारावर साहेबाचे नाव! त्या काळाचे याहून संक्षिप्त वर्णन सापडणे कठीण.

८/ आता मूळ प्रश्न. अशी घरे कशावर उभी राहतात? चिऱ्यांवर, हे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे म्हणजे वसूल. इंग्लंडमध्ये कुळांचा खंड, कोकणात शेतसारा. १८९४ मध्ये इंग्लंडने वारसांवर मृत्युकर बसवला, शेतीचे उत्पन्न घटले, पहिल्या महायुद्धात वारस मारले गेले. विसाव्या शतकात तेथील शेकडो हवेल्या पाडल्या गेल्या.

९/ १९३७ साल पाहा. त्या वर्षी इंग्लंडमध्ये असा कायदा झाला की उमरावांना आपली हवेली 'नॅशनल ट्रस्ट'कडे सोपवणे सुलभ व्हावे. त्याच वर्षी सावंतवाडीत लोकप्रिय राजे बापूसाहेब महाराज निवर्तले. वारस शिवरामराजे अवघे दहा वर्षांचे. राणी पार्वतीदेवींनी कारभार सांभाळला.

१०/ पुढचे आघात कागदावरून आले. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. त्याच वर्षी मुंबई राज्यात कूळकायदा आला आणि कसणाऱ्याचा जमिनीवरील हक्क उत्तरोत्तर बळकट झाला. १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने तनखेही संपले. कसणाऱ्यांच्या दृष्टीने कूळकायदा हा न्याय होता. राजवाड्याच्या छपराला मात्र न्याय कळत नाही. ते दर पावसाळ्यात दुरुस्ती मागते.

११/ १९५० मध्ये चॅट्सवर्थच्या ड्यूकचे निधन झाले तेव्हा मृत्युकर ८० टक्के होता. तो फेडताना घराण्याला हार्डविक हॉल ही दुसरी ऐतिहासिक वास्तू गमवावी लागली. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने पाडलेल्या हवेल्यांवर प्रदर्शन भरवले, आणि मग लोकमत जागे झाले.

१२/ सावंतवाडीने निवडलेला मार्ग निराळा होता. शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी यांनी गंजिफांच्या लयाला चाललेल्या कलेकडे लक्ष वळवले. ती जाणणारे वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून त्यांनी ती शिकून घेतली. सिंहासनासमोर जेथे मानकरी बसत, त्या दरबार हॉलमध्ये कारागीर रंग आणि कुंचले घेऊन बसू लागले.

१३/ गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी १२ पाने, एकूण १२०. मुघल पद्धतीच्या संचात आठ रंग आणि ९६ पाने. या कलेला आता भौगोलिक मानांकनही लाभले आहे. गावातील चितार आळीत लाकडी फळांचा आणि खेळण्यांचा व्यवसाय चालतो, तो याच परंपरेचा शेजारी.

१४/ येथे नाते उलटे झाले. एके काळी राजवाडा होता म्हणून चिताऱ्याला आश्रय होता. नंतर चिताऱ्याची विद्या होती म्हणून रिकाम्या दरबाराला काम मिळाले. तरीही आश्रयदात्यांची नावे आपल्याला क्रमाने पाठ असतात, आणि चिताऱ्यांपैकी बहुधा एकच नाव आठवते. चिरे पाडणाऱ्यांपैकी तर एकही नाही.

१५/ सावंतवाडीला जाणे झाले तर सिंहासनाचे छायाचित्र अवश्य घ्यावे. त्यानंतर थोडा वेळ पत्ते रंगवणाऱ्या हातांजवळ थांबावे, त्यांचे नाव विचारावे, कोणाकडून शिकलात तेही विचारावे, आणि वहीत तारखेसह लिहून ठेवावे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने करण्याजोगे एवढे काम तेथे अजून शिल्लक आहे.