फोटोखालची ओळ

इग्लूच्या आत आई आणि लेकरू. नाकाला नाक टेकलेलं, चेहरे इतके जवळ की मधून उजेडालाही वाट नाही. रिचर्ड हॅरिंग्टनने हा फोटो 1950 मध्ये काढला, हडसनच्या उपसागराच्या पश्चिमेला, पॅडली नावाच्या व्यापारी ठाण्याजवळ. बाहेरच्या जगाने अशा फोटोंना ‘एस्किमो चुंबन’ म्हणत कौतुकाने पाहिलं. चुंबन कसलं! इनुइट लोकांच्या इनुक्टिटुट भाषेत त्याला कुनिक म्हणतात. नाक टेकवायचं आणि लेकराचा वास छातीत ओढून घ्यायचा. न्हाऊन आलेल्या बाळाची टाळू हुंगणाऱ्या आजीला हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्या हिवाळ्यात पॅडलीला खायला नव्हतं. कॅरिबू हरणांचे कळप नेहमीच्या वाटेने आलेच नाहीत. कोल्ह्याच्या कातड्याचा भाव आधीच कोसळलेला, म्हणजे दुकानातून पीठ किंवा काडतुसं घ्यायचीही सोय उरली नव्हती. हॅरिंग्टनच्याच दुसऱ्या एका फोटोत मरणाच्या दारातली एक बाई आहे आणि तिच्या अंगावर सरकारी बिल्ला. 1941 पासून कॅनडा सरकारने इनुइट लोकांना असे बिल्ले वाटले. नाण्याएवढी चकती, एका बाजूला राजमुकुट, दुसऱ्या बाजूला नंबर; पूर्वेकडच्यांना ई, पश्चिमेकडच्यांना डब्ल्यू. कारकुनांना ती नावं नीट लिहिता येत नव्हती, हे एक कारण. सरकारच्या वहीत निदान नंबर तरी होता. फोटोखाली बहुतेक वेळा तोही नाही. ‘एस्किमो स्त्री’, गाव, साल. संपलं.

आणि हे कुणाच्या बाबतीत? जिथे नाव, त्यांच्या भाषेत अतिक, माणसाबरोबर मरतच नाही, त्यांच्या. माणूस गेला की नाव थांबून राहतं आणि पुढच्या बाळावर येतं. येताना नातीही घेऊन येतं. आईच्या आईचं नाव लाभलेल्या मुलीला तिची जन्मदाती ‘आई’ म्हणून हाक मारते. एकाच नावाच्या दोघांना काही भागांत साउनिक म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ हाड. आपल्याकडे सासूबाईंचं नाव नातीला ठेवलं की सुनेची पंचाईत व्हायची. ते नाव तोंडाने घ्यायचं नाही, मग पाळण्यातल्या पोरीलाच ‘माई’ म्हणायचं. घरातल्या कुणाला त्यात गंमत वाटत नसे.

हॅरिंग्टनच्या निगेटिव्ह कॅनडाच्या राष्ट्रीय संग्रहात गेल्या, नीट, थंड कोठारात. तिथलं तापमान कुणीतरी रोज सांभाळलं. मधल्या पन्नासएक वर्षांत, दूर उत्तरेला, त्या चेहऱ्यांना ओळखणारे डोळे एकेक करून मिटत होते. त्यांच्यासाठी कोठार नव्हतं.

2001–02 च्या सुमारास ओटावातल्या नुनावुत सिवुनिकसावुत या संस्थेत शिकणारी इनुइट पोरं फोटोंतल्या माणसांची नावं शोधायच्या कामाला लागली. राष्ट्रीय संग्रहाने आणि नुनावुत या उत्तरेकडच्या प्रदेशाच्या सरकारने हात दिला आणि ‘प्रोजेक्ट नेमिंग’ उभं राहिलं. सुरुवातीला हॅरिंग्टनचे पाचेकशे फोटो स्कॅन झाले. फोटो सीडींवर भरले, लॅपटॉप पाठीला मारले आणि पोरं आपापल्या गावी निघाली, म्हाताऱ्यांना फोटो दाखवायला.

अशी एक बैठक मी डोळ्यांसमोर आणतो. म्हातारी चष्मा पुसते. पडद्यावर बाई येते. म्हातारी चेहऱ्याकडे नंतर बघते, आधी अमाउतीकडे, म्हणजे पाठीवर मूल घालायच्या त्या अंगरख्याकडे. शिवण कुणाच्या हातची, मणी कुठल्या बाजूचे. मग बोट थेट काचेवर टेकतं. नाव येतं. मागोमाग कुणाची कोण, कुणाकडे दिली, कोणत्या तळ्याकाठी गेली. पोरगा टाइप करतोय; रकाना एका ओळीचा आहे.

संग्रहाच्या यादीत आता कित्येक फोटोंवर नाव आहे, आणि जुनी ओळ ‘मूळ शीर्षक’ म्हणून तशीच ठेवलेली. खोडली नाही हे मला पटलं. आपण काय लिहिलं होतं हे लिहिणाऱ्यालाही दिसू दे. नाकाला नाक लावलेल्या त्या आईचं नावही आता ठाऊक आहे. ते मी इथे मुद्दाम देत नाही. ज्यांच्या पाळण्यात ते पुन्हा ठेवलं जाईल, त्यांचं ते.

पण सगळ्यांची नावं लागत नाहीत. चारजणी ओळीने उभ्या असतात. पहिली लागते, दुसरी लागते, चौथीही. तिसरीपाशी म्हातारी थांबते, पडदा जवळ ओढते, मान हलवते. तिची बहीण असती तर सांगितलं असतं, म्हणते. ती मागच्या हिवाळ्यात गेली. पोरगा रकाना रिकामा ठेवतो आणि पुढचा फोटो लावत नाही. तिसरीच्या पाठीवर, अमाउतीत, मूल आहे. त्याच्या टोपीचं फक्त टोक दिसतं.