दक्षिणेची ऊब उत्तरेला

डिसेंबरातली सकाळ, महाबळेश्वरात वेण्णा लेकच्या काठचं दव गोठून पांढरं झालेलं, आणि मी स्वेटर, मफलर, वर शाल अशा अवतारात हॉटेलच्या काउंटरवर भांडायला उभी! माझी खोली रात्रभर गारठलेली. आणि नणंदबाईंची? तिथे काल दुपारी उकडत होतं म्हणे. एकाच छपराखाली हे कसं? काउंटरवरच्या मुलानं मेंटेनन्सवाल्याला बोलावलं. तो मेढ्याकडचा, तिशीतला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काकू, चला की, दाखवतोच तुम्हाला."

संपलं भांडण. पुढचे दोन तास मला पॉइंट, घोडे, स्ट्रॉबेरी, कशाचीही आठवण झाली नाही.

जिन्याखालच्या छोट्या खोलीत एक संगणक. ही मंडळी त्याला बीएमएस, म्हणजे बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणतात. पडद्यावर अख्ख्या हॉटेलचा नकाशा, आणि त्याचे तुकडे पाडलेले, म्हणजेच झोन. प्रत्येकाचा सेन्सर वेगळा, हवं ते तापमान वेगळं. माझी खोली उत्तरेला, दरीकडे. तिथे ऊन येतच नाही. नणंदेची दक्षिणेला. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, इथे डिसेंबरात भर दुपारीसुद्धा तो जेमतेम ४९ अंश वर चढतो, त्यामुळे ऊन सरळ काचेतून पलंगापर्यंत पोचतं. म्हणजे एकाच वेळी एका भिंतीला हीटिंग हवं आणि दुसरीला कूलिंग!

आणि आता खरी गंमत. पडद्यावर दक्षिणेचा डायनिंग हॉल निळा, म्हणजे थंड करणं चालू; आमची दरीची बाजू लाल. "दोन मशीनं?" मी विचारलं. "नाही हो काकू, एकच. हॉलमधली गरमी गॅस उचलतो आणि तीच तुमच्या बाजूला नेऊन सोडतो." मी खुर्चीतून उठलेच! नुसता बसलेला माणूससुद्धा साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकत असतो. साठ जण मिसळ खात बसले की झाले सहा किलोवॉट, वर काचेतून येणारं ऊन वेगळं. ही सगळी ऊब बाहेर फेकून न देता पाइपांतून पलीकडच्या खोल्यांना वाटायची. कंप्रेसरला वीज लागतेच, पण दोन्ही कामं निरनिराळी करण्यापेक्षा कितीतरी कमी.

आमच्या वाईच्या वाड्यात आजी सकाळी ओसरीवर उन्हाला बसायची, दुपारी माजघरात यायची, उन्हाळ्यात रात्री अंगणात. हेही झोनच की! फक्त तेव्हा माणसं हलायची. महाबळेश्वर तरी काय, इंग्रजांच्या काळी मुंबईचा गव्हर्नर उन्हाळ्यात अख्खं सरकार उचलून इथे आणायचा आणि पाऊस यायच्या आत पळायचा. इथे माणूस बसल्या जागी आणि ऊब त्याच्याकडे चालत येतेय.

मी मेंटेनन्सवाल्याला विचारलं, सरळ २२ अंश ठरवून मोकळं का होत नाही? तो हसला. "मग गरम-गार, गरम-गार, दिवसभर तेच." म्हणून मध्ये एक मोकळा पट्टा ठेवायचा: २० च्या खाली गेलं तर गरम, २५ च्या वर गेलं तर गार, मधल्या वेळात मशीन गप्प. (हा पट्टा घराघरांत असता तर!)

आणि पावसाळ्यात? तेव्हा वैरी थंडी नव्हे, ओल. धुक्यात चपलांनासुद्धा बुरशी येते. तेव्हा हवा आधी बरीच गार करायची म्हणजे पाणी गळून पडतं, आणि मग तीच हवा पुन्हा कोमट करून खोलीत सोडायची. हे ऐकताना मी वहीच काढली.

घरी आल्यावर शोधलं, तर या सगळ्याच्या मुळाशी एक मास्तर! अमेरिकेत विस्कॉन्सिनमधले वॉरन जॉन्सन. त्यांच्याकडे शिपाई वर्गावर्गांत शिरून गारठा बघायचा आणि मग तळघरात जाऊन झडपा हलवायचा. शिकवण्यात सतत व्यत्यय. जॉन्सननी वर्गातलं तापमान बदललं की तळघरात घंटी वाजेल अशी विजेची युक्ती काढली, १८८३ साली तिचं पेटंट घेतलं. शिपायाची वर्गातली फेरी वाचली!

हां, माझ्या गारठ्याचं राहिलंच. मेंटेनन्सवाल्यानं पडद्यावर माझ्या खोलीच्या चौकोनावर बोट ठेवलं. तिथे दाराचं चित्र लुकलुकत होतं. "बाल्कनीचं दार उघडं आहे, काकू. दार उघडं राहिलं की हीटिंग आपोआप बंद." ओले मोजे वाळत घातले होते मीच, दाराच्या फटीत.

दार लावून मी हॉलमध्ये गेले. नणंदबाई उन्हात मिसळ खात होत्या. मी सांगितलं, तुमचीच ऊब पाइपातून माझ्या खोलीत जातेय. त्यांनी क्षणभर पावाकडे पाहिलं आणि विचारलं, "मग अजून एक प्लेट मागवू का?"