कुंभार्लीच्या वळणावर

आमच्या कोकणात घरात कुणाचे दुखणे वाढले की म्हातारी माणसे अजूनही एकच वाक्य बोलतात, "मिरजेला न्या." डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल सुरू केले, तेव्हापासून त्या गावाचे नाव औषधपाण्याशी जोडले गेले आहे. आता रत्नागिरी-चिपळूणलाही चांगले दवाखाने आहेत. पण अम्मीच्या हृदयाचे ऑपरेशन मिरजेला झाले, म्हणून वर्षातून दोनदा तपासणीसाठी आम्ही तिथेच जातो. जातो ते अब्बांच्या मारुती ८०० मधून. म्हणजे गेल्या नोव्हेंबरपर्यंत जात होतो.

ही गाडी अब्बांनी २००४ साली घेतली. कुवेतमधली नोकरी संपवून ते कायमचे घरी आले होते. बँकेचे व्याज नको म्हणून त्यांनी सगळी रक्कम रोख मोजली. मी तेव्हा नुकती शिक्षिका झाले होते. वाशिष्ठीकाठच्या मोकळ्या मैदानात अब्बांनी मला याच गाडीवर क्लच आणि गिअर शिकवले. २०१७ मध्ये अब्बांचा इंतकाल झाला. माझे यजमानही आखातात असतात, त्यामुळे तेव्हापासून किल्ली माझ्याकडे आली. आजवर गाडीचे दोन लाख अठरा हजार किलोमीटर झाले आहेत.

२२ जुलै २०२१ चा चिपळूणचा महापूर कुणी विसरणार नाही. आमच्या अंगणात पाणी स्टीअरिंगच्या वर गेले होते. पाणी ओसरल्यावर गाडीचे दार उघडले तर सीटवर चिखलाचा थर आणि इंजिनात ऑईलऐवजी चहासारखे पाणी. विमा फक्त थर्ड पार्टीचा, म्हणून भरपाईचा प्रश्नच नव्हता. आसपासच्या कितीतरी गाड्या तेव्हा भंगारात गेल्या. आमच्या मिस्त्रीचाचांनी महिनाभर खपून ही उभी केली. ती पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा अम्मी ओट्यावर बसून रडली होती. अब्बांचा आवाज ऐकल्यासारखे वाटले, म्हणाली.

तर अशी ही गाडी घेऊन दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सकाळी सातला निघालो. मी, अम्मी आणि बारावीत शिकणारी माझी मुलगी. बहादूरशेख नाक्यावरून कराडचा रस्ता धरला. अलोरे, शिरगाव, पोफळी मागे पडले. पोफळीला डोंगराच्या पोटात कोयनेचे वीजघर आहे. घाटावर अडवलेले पाणी बोगद्यातून इथे उतरते, वीज करून देते आणि पुढे आपल्या वाशिष्ठीला मिळते. मुलीला हे मी दर वेळी सांगते आणि ती दर वेळी म्हणते, "अम्मी, हे तू मागच्या वेळीही सांगितलंस."

पोफळी सोडली की कुंभार्ली घाट सुरू होतो. पावसाळा नुकताच संपल्यामुळे दरी हिरवी होती आणि कातळातून अजून पाणी पाझरत होते. दुसऱ्या गिअरवर चढत असताना तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकू लागला. एसी बंद केला, काचा उघडल्या. तरी काटा उतरेना. एका रुंद वळणावर गाडी बाजूला घेतली आणि बॉनेट उघडले. वाफेचा लोट आला. इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये, उकळते पाणी तोंडावर येते, हा अब्बांचा पहिला धडा. म्हणून तासभर नुसते थांबलो.

त्या तासात माकडे आली, दोन ट्रकवाल्यांनी विचारपूस केली. अम्मी तसबीह ओढत शांत बसली होती. मी मात्र शांत नव्हते. तिच्या औषधांची वेळ जवळ येत होती, फोनला रेंज नव्हती आणि एका बाजूला दरी होती. पहिल्यांदाच माझ्या मनात आले, आज अम्मीला इथेच काही झाले तर?

गाडी थंड झाल्यावर पाणी भरून हळूहळू घाटमाथा गाठला. पुढे कोयनानगर. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे याच भागाला मोठ्या भूकंपाने हादरवले होते. धरण मात्र टिकले. डागडुजी करून, जास्तीचे बळ देऊन ते आजही उभे आहे. मनाला बरे वाटेल असा विचार मी लगेच पकडला. एवढे धरण दुरुस्त होऊन चालते, मग आपली गाडी का नाही?

पाटण ओलांडून कराडला पोहोचलो. कृष्णा-कोयनेच्या संगमाचे हे गाव. जुन्या मशिदीचे दोन उंच मनोरे लांबूनच दिसतात. तिथे थांबून जुहरची नमाज अदा केली. प्रवासात चार रकातींच्या जागी दोन. अम्मी हसून म्हणाली, "अल्लाहने प्रवाशाला सवलत दिली आहे. तू मात्र या म्हाताऱ्या गाडीला काही सवलत देत नाहीस."

पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळलो आणि काट्यावर एक डोळा ठेवून साडेतीनला मिरजेत माझ्या मावसबहिणीच्या घरी पोहोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी तिच्या ओळखीच्या गॅरेजवर सोडली आणि अम्मीला तपासणीसाठी नेले. रिपोर्ट संध्याकाळी मिळणार होते. मधल्या वेळेत अम्मी पडून राहिली आणि मी मुलीला गाव दाखवायला निघाले.

मिरजेचा ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा सर्वांना माहीत आहे. किराना घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर याच परिसरात आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ मोठमोठे कलावंत इथे येऊन गातात. जवळच सतारमेकरांची वस्ती. ही घराणी मूळची शिकलगारांची, हत्यारांना धार लावणारी. तलवारींचे दिवस सरले तेव्हा, सांगतात, बिघडलेली वाद्ये दुरुस्त करता करता त्यांनी नवी वाद्ये घडवायला सुरुवात केली. आज मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. एवढ्या मोठ्या कलेची सुरुवात दुरुस्तीतून झाली, हे मला फार आवडले.

एका दुकानात वयस्कर कारागीर जुना तंबोरा मांडीवर घेऊन बसले होते. सलाम करून मी विचारले, "चाचा, हा दुरुस्त होईल?"

"होईल की," ते म्हणाले. "जवारी झिजली आहे. ती झिजायचीच, तारा रोज तिच्यावर घासतात. घासून परत बसवायची. तार तुटली तर नवी लावायची. भोपळा तडकला तरी जोडता येतो."

"मग दुरुस्त होत नाही असं काय असतं?"

त्यांनी बाजूला टेकवलेला दुसरा तंबोरा दाखवला. "याच्या दांडीला पीळ पडला आहे. सगळ्या तारांचा ताण दांडीच धरते. आता नव्या तारा लावा, नवी जवारी करा, सूर राहणार नाही. मालक म्हणतो आजोबांचा आहे, दुरुस्त करा. मी म्हटलं, भिंतीवर लावा. मैफलीत नेऊ नका."

संध्याकाळी गॅरेजवर गेले. गाडी लिफ्टवर चढवलेली होती. तरुण मेकॅनिकने हिशेब सांगितला. रेडिएटरच्या जाळीत पुराचा बारीक गाळ अजून अडकलेला, हेड गॅस्केट गेलेले, क्लच संपत आलेला. सगळे मिळून छत्तीस हजार. मी मनात आकडेमोड सुरू केली. गाडीच्या खर्चाची वही मी ठेवते. २०२३ मध्ये चौदा हजार दोनशे, २०२४ मध्ये नोंदणीच्या नूतनीकरणासह बावीस हजार सहाशे, २०२५ मध्ये एकोणीस हजार चारशे. तीन वर्षांचे छप्पन्न हजार दोनशे, म्हणजे महिन्याला सुमारे पंधराशे साठ. नव्या गाडीचा हप्ता याच्या कितीतरी पट, शिवाय त्यात व्याज. वहीप्रमाणे दुरुस्तीच स्वस्त होती. मी म्हटले, "करून टाका."

तो जरा घुटमळला. "बाई, एकदा खाली या." त्याने बॅटरीचा उजेड टाकला आणि पुढचा शॉकअप जिथे बसतो तिथल्या पत्र्यावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. जोर न लावताच तो आत गेला. ड्रायव्हरच्या सीटखालीही तसेच. आमच्याकडची खारी हवा, त्यात पुराचे पाणी. वरचा रंग चांगला होता, आतून पत्रा पापुद्र्यासारखा झाला होता.

"वेल्डिंग करून पट्टी मारता येणार नाही?"

"मारून देणारे भेटतील. पण धरायला चांगला पत्राच उरला नाही, तर वेल्डिंग कशाला धरणार? या गाडीला वेगळी चासी नसते. पत्र्याची बॉडी हीच तिची चासी. इंजिन मी नवं करून देतो, बाई. पण ते बसवायचं कशात?"

गाडीला दांडीचाच पीळ पडला होता.

रात्री यजमानांचा फोन आला. ते दोन वर्षांपासून काढून टाक म्हणत होते, मीच ऐकत नव्हते. माझ्याजवळ दाखलेही तयार असत. इस्राफ नको, म्हणजे उधळपट्टी नको. हजरत आयेशा (रजि.) यांच्या रिवायतीत आले आहे की पैगंबर (स.) स्वतःची पादत्राणे स्वतः सांधत, कपडे स्वतः शिवत. वस्तू जपून वापरणे ही सुन्नत आहे, हे मी वर्गात मुलांना शिकवते आणि त्यात चूक काही नाही. पण त्या रात्री मला दुसरी शिकवण आठवली. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून, असे विचारणाऱ्याला आधी बांध, मग भरवसा ठेव, असे सांगितले गेले. मी सफरची दुआ पढून कुजलेल्या पत्र्यावर अम्मीला बसवत होते. याला तवक्कुल म्हणता येत नाही. आणि त्यामागे काटकसरही पूर्ण खरी नव्हती. अब्बांची शेवटची वस्तू माझ्या हातून जाऊ नये, एवढेच खरे होते.

अम्मीला कसे सांगायचे हा प्रश्न होता. तिचे रिपोर्ट चांगले आले होते, अल्हम्दुलिल्लाह. सकाळी चहा देताना सगळे सांगितले. ती थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या अब्बांनी गाडी मला जपायला घेतली होती. गाडी जपायला मला ठेवलं नव्हतं." आणि कप खाली ठेवून औषधाची डबी मागितली.

गाडी घेऊन घाट उतरायचा नाही, हे ठरले. तिथल्याच नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात ती द्यायची ठरली. वाचक भगिनींसाठी इथे एक गोष्ट मुद्दाम लिहिते. दोन हजार जास्त मिळतात म्हणून जुनी गाडी कुठल्याही भंगारवाल्याला देऊ नका. आरसी तुमच्या नावावर राहते आणि त्या नंबरवर पुढे काही घडले तर चौकशी तुमच्या दारात येते. नोंदणीकृत केंद्र ठेवीचे प्रमाणपत्र देते, त्यावर नवे वाहन घेताना करात सवलत मिळते. आरटीओकडून नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात येईपर्यंत पाठपुरावा करा. आणि जुन्या गाडीवर खर्च करण्याआधी बिल विचारण्यापूर्वी ती एकदा लिफ्टवर चढवून खालून बघा. क्लच, गॅस्केट, टायर झिजतात, ते बदलत राहावे, त्यात कमीपणा नाही. सांगाडा गेला असेल तर किलोमीटर कमी असूनही थांबावे.

डिकीतून आम्ही सामान काढले. जॅक, अब्बांचा पाना, सीटखाली सापडलेली त्यांची एक तसबीह. पुराच्या पाण्यात तिचा धागा कुजला होता, मणी मात्र सगळे होते. मुलीने ते रुमालात बांधले.

सांगलीहून चिपळूणची एसटी पकडली. अम्मीचे वय शहात्तर, पंच्याहत्तरीपुढच्यांना तिकीट नाही. मला आणि मुलीला महिलांचे अर्धे तिकीट. कंडक्टरने पैसे परत दिले तेव्हा अम्मी म्हणाली, "पेट्रोलपेक्षा स्वस्त पडलं." कुंभार्ली उतरताना मी ते वळण शोधत होते. बस भरभर खाली गेली आणि ते नेमके कुठले, ते ओळखू आले नाही.

आता हप्त्याशिवाय, रोखीने, एखादी जुनी पण धड गाडी घेण्याइतके पैसे जमेपर्यंत आम्ही एसटीनेच जाऊ. पुढची तपासणी मे महिन्यात आहे, इन्शाअल्लाह. त्या दिवशीच्या पहिल्या एसटीची वेळ अम्मीने आताच कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.