गुरांच्या खिंडीत जाण्यापूर्वी

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर ॲपलक्रॉस नावाचे एक खेडे आहे. तिकडे जाणारा ‘बिअलाख ना बा’, म्हणजे गुरांची खिंड, हा घाट समुद्रकाठापासून ६२६ मीटर चढतो. उंची जवळजवळ आपल्या लोणावळ्याएवढी. परंतु रस्ता एकाच गाडीपुरता, वळणे अवघड आणि उतार छातीत धडकी भरविणारा. या प्रदेशात मुक्कामाच्या सोयी विरळ असल्याने चाकांवरचे घरच सोबत नेण्याची हौस पुष्कळांना असते.

वाचकहो, तेथे स्थायिक झालेले आपले एखादे आप्त अशी जुनी फोक्सवॅगन घेऊ पाहत असतील आणि मेकॅनिकचा तपासणी-अहवाल हाती घेऊन आपला सल्ला विचारीत असतील, तर तो कागद सावकाश वाचावा. ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरील गाड्यांची दरवर्षी ‘एम. ओ. टी.’ चाचणी होते खरी. पण २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या, मोठा फेरफार न झालेल्या बहुतेक गाड्यांना तीतून सूट आहे. शिवाय इंजिन, क्लच व गिअरपेटी यांची स्थिती त्या चाचणीत पाहतच नाहीत.

विकणारा प्रथम दाखवितो ते पडदे आणि इवलीशी शेगडी. (मुखपृष्ठाचे हे सामर्थ्य आम्हां संपादकांना चांगले ठाऊक आहे!) मेकॅनिक मात्र गाडीखाली शिरतो. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेले मीठ आणि सागरी वारा यांनी दाराखालच्या पोकळ पट्ट्या व जॅक लावण्याच्या जागा आतून पोखरलेल्या असतात. खालच्या बाजूस ताजा, जाड काळा रंग दिसला, तर त्याखाली काय दडले आहे, हे अवश्य विचारावे.

मागील बाजूच्या इंजिनातून तेल झिरपते, एवढ्यावरून सौदा मोडू नये, किंमत उतरवावी. पेट्रोलची जुनी रबरी नळी अल्प खर्चात बदलता येते, परंतु ती चिरली तर तापलेल्या इंजिनावर पेट्रोल सांडून गाडी पेट घेते. म्हणून गाडी हलविण्यापूर्वीच ती बदलावी. ब्रेक एका बाजूला ओढत असतील, तर गुरांच्या खिंडीचा तो उतार आठवावा. आणि सांगाड्यालाच गंज लागलेला असेल, तर माझ्या मते नकार द्यावा, मग पडदे कितीही मनोहर असोत.

अहवालात कोठे ‘पाहता आले नाही’ असा शेरा असेल, तर गाडी पुन्हा उचलून तो भाग पाहीपर्यंत इसार देऊ नये.