तारेचा नांगर

कऱ्हेकाठची बारामती म्हटली म्हणजे आमच्या पिढीच्या वाचकांस प्रथम आठवतात ते मोरोपंत. १७२९ ते १७९४ हा त्यांचा जीवनकाल. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने येथे राहून त्यांनी जी विपुल रचना केली, तीत अष्टोत्तरशत रामायणांची गणना होते. त्यांतील निरोष्ठ रामायणात ओष्ठ्य वर्ण मुळीच येत नाहीत. असले बंधन पाळावयाचे तर आर्या लिहिण्यापूर्वी तिचा सांगाडा मनात सिद्ध असावा लागतो. लोहाराच्या विद्येसही हाच नियम लागू आहे, हे याच गावच्या एका लोहारशाळेत मला प्रत्यक्ष पाहावयास मिळाले.

१८८० च्या दशकात नीरेचा डावा कालवा आला आणि बारामती व इंदापूर या तालुक्यांत उसाचे मळे डोलू लागले. त्या शेतीस लागणारे कोयते, खुरपी, कुळवाच्या पाशी, गाडीच्या धावा हे सारे एके काळी गावच्या ऐरणीवरच घडत असे. आता पुष्कळसे जिन्नस कारखान्यातून तयार येतात. लोहाराच्या वाट्यास उरतात ती एकेरी, अडनिडी कामे, ज्यांचा साचा कोठेही मिळत नाही. अशा कामात चूक परवडत नाही. भट्टीतून काढलेला गज नारिंगी-पिवळा असतो तोवरच वळतो. पाहता पाहता तो काळवंडतो. पुन्हा तापवावा तर कोळसा जळतो, आणि दर तावाला थोडेसे लोखंड कीट होऊन झडते. म्हणून विचार जो करावयाचा तो लोखंड थंड असतानाच केला पाहिजे.

मी गेलो तेव्हा मिस्त्री हाती पक्कड घेऊन तार वळवीत बसले होते. गिऱ्हाईक इंदापूर तालुक्याचे, उजनीच्या काठचे. त्यास होडीकरिता चार नखांचा नांगर हवा होता. गज ठरला चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाचा. नमुन्याची तार घेतली एक सुती. जाडी चतुर्थांश, तशीच लांबीही चतुर्थांश. चार तारा एकत्र बांधून त्यांनी नखे वळविली आणि नमुना गिऱ्हाइकाच्या हाती दिला. त्याने तो फरशीवर ओढून पाहिला व म्हणाला, "नख फार आत वळलंय मिस्त्री, गाळात रुतायचं नाही." पक्कड पुन्हा फिरली, नख उघडले. हाच बदल लोखंडात करावयाचा तर आणखी चार ताव लागते.

मग मिस्त्रींनी एक तार सोडवून सरळ केली. ती पावणेसात इंच भरली. तिची चौपट सत्तावीस इंच. असे चार गज, म्हणजे एकूण नऊ फूट. आणखी एक गोष्ट तारेने सांगितली. मोळी बांधून मग नखे वळवू गेल्यास चौथ्या नखाच्या वेळी आधीची तीन ऐरणीस अडतात. तेव्हा प्रत्येक गज सुटा असतानाच वळवावा आणि जोड शेवटी द्यावा.

"कागदावर काढले असते तर?" मी विचारले.

"गुरुजी, कागदाला पाठ नसते. तार फिरवून चहूकडनं बघता येते."

मात्र तार सर्वच सांगत नाही. चौकोनी गजाची बाजू ठोकून निम्मी केली की लांबी जवळजवळ चौपट होते. हे वाढणे तारेत दिसत नाही. त्यासाठी काही कारागीर ओल्या मातीचा गोळा ठोकून पाहतात, कारण माती हातोड्याखाली तापल्या लोखंडासारखीच पसरते.

अमरकोशात 'शुल्ब' शब्दाचे दोन अर्थ आढळतात: दोरी आणि तांबे. ज्या शुल्बसूत्रांनी यज्ञवेदी आखावयास शिकविले, त्यांचे मुख्य साधन दोरी. दोरी लांबी सांगते, पण दिलेला आकार उभा धरीत नाही. तांब्याची तार दोन्ही करते. आमचे लोहार अद्याप इंचाच्या आठव्या भागास 'सूत' म्हणतात, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

पुढे आठवड्याभराने मी इंदापूरकडे गेलो आणि तो नांगर पाण्यात पाहिला. भीमेवरील उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले व काठची कित्येक गावे पाण्याखाली गेली. कडक उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे पळसदेवचे जुने देवालय आजही उघडे पडते. या गिऱ्हाइकाच्या वडिलांची जमीनही त्याच पाण्यात गेली. त्यांच्या नांगराचा फाळ मिस्त्रींच्या वडिलांनी घडविलेला होता. शब्द तोच राहिला. फाळ जाऊन नखे आली. त्या दिवशी वारा बराच होता. नांगर टाकला, दोर ताणला गेला, होडी थोडी मागे सरली आणि थांबली. जाळ्यावर बसलेल्या धाकट्या मुलाकडे पाहून तो एवढेच म्हणाला, "आता याला एकटा पाठवायला हरकत नाही."

बारामतीस मिस्त्रींच्या भिंतीवर खिळ्याला अशा तारांचे झुबके टांगलेले आहेत. तीच त्यांची वही. त्यांचा मुलगा वेल्डिंगच्या दुकानात काम करतो. त्याने त्यांतील काही नमुने तेथे नेले आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. वाचकांपैकी कोणास झोपाळ्याची कडी किंवा विहिरीचा गळ घडवून घ्यावयाचा असेल, तर त्यांनी आधी घरातील मुलांच्या हाती तार द्यावी, आणि जो आकार ठरेल तो घेऊनच लोहाराकडे जावे.