बोरीवरचा कोष

वैशाखात पाने झडली की टसरचे कोष आपोआप नजरेत भरतात. धार-मांडूकडच्या दऱ्यांत मी ते ऐन आणि अर्जुनावर शोधतो, देवासच्या माळावर बोरीवर. कबुतराच्या अंड्याएवढा, राखी-तपकिरी, टणक. वर रेशमाचाच देठ आणि देठाच्या टोकाला फांदीभोवती घट्ट बसलेले कडे. पान गळाले तरी कोष लटकलेलाच राहतो. लोक रेशमाचे कौतुक करतात. मला त्या देठाचे वाटते.

दिवाळीच्या सुमारास विणलेल्या कोषातला प्यूपा मृगापर्यंत निजून राहतो. म्हणून पाळायला आणलेले कोष मी कपाटात ठेवत नाही. ओसरीबाहेर सावलीत तारेला टांगतो, मुंग्यांसाठी तारेच्या दोन्ही टोकांना ग्रीस लावतो. जिवंत कोष हाताला जड लागतो. खुळखुळला, तर आतला जीव वाळला.

पाऊस पडून हवा दमट झाली की एखाद्या संध्याकाळी देठाजवळचे टोक ओले दिसते. पतंग कॉकूनेज नावाचे द्रव्य सोडतो, रेशमाचा डिंक विरतो आणि धागे बाजूला सारून तो बाहेर येतो. त्याच कुळातल्या, दक्षिण अमेरिकेतल्या रॉथ्सचाइल्डियाच्या कोषाला बाहेर पडायची वाट आधीच ठेवलेली असते. तिच्या पंखांवर पारदर्शक खिडक्या असतात, तशा टसरच्याही. फक्त टसरच्या गोल. पंख ताणायला पतंगाला खरबरीत काडी लागते, ती जवळच हवी. गुळगुळीत भिंतीवरून घसरला तर पंख चुरगळलेले राहतात.

त्याला खाण्याजोगे तोंडच नसते. अळी असताना साठवलेल्यावर आठवडाभर निभावतो. मादी रात्री एका जागी बसून गंध सोडते. पिसांसारख्या रुंद मिशांचे नर तो दुरून ओळखतात. मादीने घातलेली अंडी आठ-दहा दिवसांत फुटतात. हिरव्यागार अळ्या चार वेळा कात टाकतात. भंडारा-गडचिरोलीकडचे ढीवर त्या उघड्या झाडांवर वाढवतात आणि दिवसभर पाखरे हाकतात. मी फांदीला मच्छरदाणीची पिशवी बांधतो.

बोरीवर कोष दिसला तर आधी देठाकडचे टोक पाहा. बंद असेल तर फांदी तशीच राहू द्या. भोक पडलेले असेल तर खुशाल काढून घ्या. त्यातून अखंड तार निघत नाही, पण सूत उत्तम कातता येते.